काळ्या रंगाखालची चीर

ती जीप आमच्या खळ्यात आली ती ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढली जात. पुढे शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणि मागे जीपचं स्टिअरिंग धरून माझे वडील, म्हणजे नाना. अंगभर धूळ, पण चेहरा लग्नातल्या वरबापासारखा. तळोद्याच्या एका गॅरेजमागे बाभळीखाली ती तीन पावसाळे उभी होती. विकणाऱ्याने भंगाराच्या भावात दिली आणि साखळी बांधायलाही स्वतःच पुढे आला, हे नाना कौतुकाने सांगत होते. एवढी घाई त्याला का झाली असेल, हे तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही. माय चुलीवर डाळीचे फुणके वाफवत होती. तशीच डाळीच्या हाताने बाहेर आली आणि खळ्याच्या तोंडाशी थबकली. पुढचा दिवा फुटलेला, एक बाजू आत दबलेली, सीटमधून काथ्या लोंबत असलेला. "हाई काय लई उनात तुम्ही?" तिने विचारलं. नाना म्हणाले, "सुमीनी कॉलेजनी गाडी शे." सुमी म्हणजे मी. माय म्हणाली, "गाडी शे का गाडीनं मढं?"

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जिचा अर्थ मला पुढे कळला. जीप छपराखाली ढकलायला नानांनी जामसिंगला हाक मारली. जामसिंग आमचा सालदार, आखाजीपासून, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत वर्षभर शेतावर राहणारा गडी. तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पावरा आदिवासी पाड्यातला. बायको तिकडे डोंगरात, हा इकडे तापीच्या काठाला आमच्या केळीत. बोलायला कमी आणि कामाला कधी नाही न म्हणणारा. तो विहिरीपाशी बैलांचे कासरे धरून उभा होता. जीपकडे बघत होता, पण हलला नाही. नानांनी पुन्हा हाक मारली, तर म्हणाला, "हात दुखी ऱ्हायना, नाना." मग त्याने बैल सोडले आणि खळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, निंबाखाली नेऊन बांधले. संध्याकाळी त्याची खाटही छपरातून तिकडे गेली. "उनायामा तठे वारा लागस," एवढंच त्याने कारण दिलं.

आता ती जीप मला का हवी होती, ते सांगते. गावात शाळा दहावीपर्यंत. पुढची दोन वर्षं मी शहाद्याला मामांकडे राहून केली. बारावीची परीक्षा संपली आणि मामांची बदली झाली. लोणखेड्याचं कॉलेज आमच्या गावापासून फार लांब नव्हतं, पण जायला सकाळी एक बस आणि परतीची बस दिवे लागल्यावर. अंधारात पोर फाट्यावर उतरणार, तिथून केळीच्या मधल्या वाटेने घरी येणार, हे मायला मान्य नव्हतं. शिवाय मामांनी जाता जाता धुळ्याकडचं एक स्थळ सुचवून ठेवलं होतं. घरात त्यावर कोणी मोठ्याने बोलत नसे, पण मी पाण्याला गेले की चुलीपाशी कुजबूज चाले आणि मी आले की थांबे. मी मनाशी हिशेब मांडून टाकला होता: जीप चालू झाली तर कॉलेज, नाही तर धुळे. हा हिशेब बरोबर आहे का, हे मी कोणाला विचारलं नाही. सतराव्या वर्षी माणसाला आपल्या भीतीची इतकी खात्री असते, की ती पडताळून बघावीशी वाटत नाही.

नानांना यंत्रांचं वेड. आसपासच्या चार गावांतली पाण्याची इंजिनं तेच उघडत. पण अंगाने ते आडदांड. जीपच्या पोटाखाली शिरले की त्यांची छाती अडके आणि पंजा कुठल्याच खाचेत जाईना. माझे हात बारीक. पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं की खाली मी आणि वर नाना. तो सगळा उन्हाळा मी त्या जीपखाली गोणपाटावर पाठ टेकून काढला. सकाळी सातलाच पत्रा तापायला लागे. वाऱ्याने केळीची पानं फाटत, तो कापड टरकावल्यासारखा आवाज दिवसभर. लांब कुठेतरी डिझेल इंजिनाची धकधक. वरून नानांचा हात येई, "तेरा नंबरना पाना दे," आणि मी अंदाजाने पाना त्या हातात ठेवी. इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, क्लच नवा घातला, रेडिएटरच्या नळ्यांतून ओंजळ ओंजळ गाळ काढला. दुपारी माय हाक मारी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि कांदा. हात कितीही धुतले तरी भाकरीला डिझेलचा वास यायचा. माय माझ्या नखांकडे बघे आणि मान फिरवी. या नखांना पोरगा कोण बघायला येणार, असं तिच्या मनात असावं. मला मात्र त्या काळ्या नखांचा अभिमान वाटायचा.

नानांचा माझ्यावर भरवसा किती, तर तपासलेली गोष्ट ते पुन्हा तपासत नसत. "तुन्हा डोयाले दिसनं ते मन्हा डोयाले दिसनं," म्हणायचे. हे वाक्य मला आजही ऐकू येतं आणि ते ऐकू आलं की मी हातातलं काम थांबवते.

एके दिवशी, वैशाखात, मी खालचा जुना चिखल पत्र्याच्या तुकड्याने खरवडत होते. वर्षानुवर्षांचा चिखल, डांबरासारखा घट्ट झालेला. पुढच्या उजव्या अंगाला, जिथे स्टिअरिंगचा डबा चेसिसला धरून ठेवलेला असतो, तिथला पोपडा निघाला आणि आत वेल्डिंगचा जाड, वेडावाकडा वळ दिसला. कोणीतरी कधीतरी तिथे तुटलेलं जोडलं होतं. मी तो भाग पॉलिश पेपरने घासला. वळाच्या कडेने एक रेघ होती. केस चिकटलाय असं वाटून मी बोटाने पुसली. गेली नाही. नख लावलं तर नख अडकलं. चार बोटं लांब होती आणि टोकाला वर वळली होती. मी ती किती वेळ बघत पडून राहिले कोण जाणे. त्या लोखंडाने स्टिअरिंग धरलेलं होतं, म्हणजे चाकं धरलेली होती. ते सुटलं तर वरचा माणूस चाक कितीही फिरवो, गाडी आपल्या मनाला येईल तिकडे जाणार. हे मला पूर्ण समजलं होतं. मला समजलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकले नाही.

वरून नानांनी विचारलं, "काय शे व तठे?" मी म्हणाले, "काही नही, चिखल शे."

दुसऱ्या दिवशी नाना खत आणायला गेले, तेव्हा मी रंगाच्या डब्यांतून लांबी, म्हणजे पुट्टी, काढली. पत्र्याच्या खड्ड्यांत भरायला आणलेलीच होती ती. बोटाने चिरेत दाबून बसवली, वाळल्यावर घासली आणि वरून काळ्या रंगाचे दोन हात दिले. इतकं सफाईदार काम मी त्या उन्हाळ्यात दुसरं केलं नव्हतं. बाहेर आले तर निंबाखाली जामसिंग बसला होता. दोरी वळत होता आणि माझ्याकडेच बघत होता. त्याने काही पाहिलं नव्हतं, पाहणं शक्यही नव्हतं. तरी मी त्या दिवसापासून त्याची नजर टाळायला लागले.

जीप उभी राहिली. हिरवा रंग, नवं ताडपत्रीचं छप्पर, आणि नानांनी पुढे लावलेली पितळी भोंग्यांची जोडी. पावसाळ्यात मी अठरा वर्षांची होणार, मग परवाना. तोवर कॉलेजला नाना पोचवणार आणि मी फक्त शेतातल्या गाडवाटेवर हात साफ करणार, असं ठरलं. मायने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. पण "बठ ना" म्हटल्यावर मागे सरकली. "माले पायी बरं." शेवटपर्यंत ती त्या जीपमध्ये बसली नाही.

मी गाडी चालवायला शिकले तो आनंद खोटा नव्हता. पण तो कधी पूर्ण माझ्या हाती लागला नाही. जून महिना निम्मा गेला असेल, तेव्हा पहिल्यांदा आवाज ऐकला. डावीकडे वळताना, टक्. सुपारी फोडल्यासारखा, एकदाच. आठ दिवसांनी टक् टक्. नानांनी कान टवकारला, "काय वाजी ऱ्हायनं?" मी म्हणाले, "स्प्रिंगना पाटा नवा शे ना, बसाले वेळ लागी." नानांनी मान डोलावली. माझा शब्द होता ना. पुढे मी रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून लोणखेड्याला जायची आणि प्रत्येक डाव्या वळणाआधी नकळत पाय दाबायची, जणू ब्रेक माझ्याच पायाखाली आहे. कॉलेजात उतरले की नाना एकटेच परत फिरत. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी राहायची. मैत्रिणी म्हणायच्या, हिचं वडिलांवर किती प्रेम. रोज ठरवायची की आज सांगेन. संध्याकाळी नाना हसत समोर उभे दिसायचे, आणि मग वाटायचं, आज काही झालं नाही, म्हणजे होणारच नाही.

श्रावणातली एक सकाळ. आभाळ खाली उतरलेलं, पाऊस नाही आणि ऊनही नाही. आम्ही चहा घेत होतो, तेव्हा जामसिंग आणि एक म्हातारा खळ्यात आले. म्हातारा त्याचा चुलता. आदल्या दिवशी डोंगरातून निघाला होता, अर्धी वाट पायी आणि अर्धी मिळेल त्या गाडीने. जामसिंगच्या बायकोला कळा लागून दोन दिवस झाले होते आणि मूल येत नव्हतं. पाड्यावरच्या सुईणीने हात टेकले होते. जामसिंग म्हणाला, "नाना, गाडी पाहिजे." नाना किल्ली घ्यायला उठलेच. सोबतीला बाईमाणूस हवं, म्हणून मायकडे वळले, मग माझ्याकडे. "सुमी, चाल."

जीपपाशी येऊन जामसिंग थांबला. हात पुढे केला, मागे घेतला. मग म्हणाला, "नाना, सांगनं शे. हाई गाडी मी वयखस. तोरणमाळना घाटमा खाले गई व्हती. मन्हा मोठा भाऊ तिन्हामा व्हता."

नानांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "आनि इतला दिन बोलना काबर नही तू?"

जामसिंगने माझ्याकडे पाहिलं. "ताई इतली खुश व्हती," तो म्हणाला.

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. खळ्यात, घरासमोर, शहाद्यातून दुसरी गाडी आणायला वेळ असताना. तोंड उघडलंही होतं. पण नाना म्हणाले, "मी दोन महिना चालाडी ऱ्हायनू तिले. इंजिन, ब्रेक, सगळं सुमीनी नवं करेल शे. बठ, वेळ नको दवडू." आणि जामसिंग बसला. माझ्या नावावर विश्वास ठेवून तो त्या गाडीत बसला, जिला त्याने चार महिने हात लावला नव्हता.

म्हसावद मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस, मग मका, मग साग सुरू झाला आणि समोर सातपुडा ढगात अर्धा बुडालेला. मी मागे म्हाताऱ्याजवळ बसले होते. तो डोळे मिटून ओठ हलवत होता. इंजिनाच्या आवाजाखाली मला फक्त ती टकटक ऐकू येत होती. आता ती वळणावरच नव्हे, सरळ रस्त्यावरच्या खड्ड्यांतही येत होती. मी मोजायला लागले आणि मग मोजणं थांबवलं. राणीपूरला घाटाच्या पायथ्याशी नानांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतायला गाडी उभी केली. वर जाणारा रस्ता दिसत होता. पहिलंच वळण डावीकडे, आणि त्याच्या कडेला काही नाही, नुसतं धुकं.

मी खाली उतरले. "नाना," मी म्हणाले, "घाट नका चढू."

"काय व्हयनं?"

"चेसिसले चीर शे. स्टिअरिंगना डबाजोडे. मी लांबी भरी टाकी व्हती."

नानांना आधी समजलंच नाही. पुन्हा सांगितलं. मग त्यांनी पेचकस घेतला आणि चिखलात उताणे पडून, छाती अडकत असतानाही, स्वतःला आत ढकललं. काळा रंग खरवडल्याचा आवाज आला. आतून ते म्हणाले, "जामसिंग, चाक फिराव." जामसिंगने स्टिअरिंग धरलं आणि फिरवलं, इकडे, तिकडे. मी वाकून बघत होते. चाक डावीकडे गेलं की चीर उघडायची, करंगळीचं टोक जाईल एवढी. उजवीकडे गेलं की मिटायची. माझ्या लांबीचा भुगा त्यातून गळत होता. ती आता चार बोटांची राहिली नव्हती, पार खालपर्यंत गेली होती.

नाना बाहेर आले. पाठ चिखलाने भरलेली. त्यांनी मला मारलं नाही. मी वाट बघत होते मारण्याची. ते जामसिंगला म्हणाले, "गाडी वर जावाव नही, भाऊ." जन्मात पहिल्यांदा ते त्याला भाऊ म्हणाले.

जामसिंग माझ्यासमोर आला. "तुले कव्हयपासून माहीत व्हतं?"

"वैशाखपासून."

त्याने ते ऐकून घेतलं. रागावला असता तर मला काही धरायला मिळालं असतं. त्याने चपला काढून हातात घेतल्या, चुलत्याला त्यांच्या बोलीत दोन शब्द सांगितले आणि रस्ता सोडून पायवाटेने सरळ चढायला लागला. बघता बघता सागात दिसेनासा झाला. म्हातारा त्याच्यामागे निघाला, त्याला वेळ लागला. बराच वेळ त्याचं पांढरं मुंडासं दिसत राहिलं.

नाना दुसरी गाडी शोधत गावभर फिरले. एक जीप होती, ती सकाळीच बाजाराला गेलेली. दुसरीचा चालक आजारी. मी चहाच्या टपरीजवळ दगडावर बसून होते. टपरीवाल्या बाईने न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला, तो तसाच गार झाला. दहा वाजले, बारा वाजले. सकाळी खळ्यात बोलले असते तर शहाद्याची गाडी एव्हाना वर पोचून परत आली असती, हे गणित मी शंभर वेळा केलं आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आलं. चार वाजता बांबू भरलेला एक ट्रक वरून उतरला. बांबूंवर घोंगडी टाकून तिला निजवलं होतं. जामसिंग तिच्या डोक्याशी बसून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून होता. ट्रक थांबला नाही. नाना धावत जाऊन केबिनच्या पायरीला लोंबकळले आणि दवाखान्यापर्यंत तसेच गेले. मी त्या जीपपाशी एकटी राहिले.

ती वाचली. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता, असं नर्सने नानांना सांगितलं. नाना म्हणाले, डॉक्टर म्हणत होते की सकाळी आणली असती तर. पुढचं वाक्य त्यांनी मला सांगितलं नाही.

चार दिवसांनी जीप पुन्हा ट्रॅक्टरमागे बांधून घरी आली. नानांनी माझ्या हातात लोखंड कापायची करवत दिली आणि चिरेकडे बोट दाखवलं. तिसऱ्या ओढीला डबा धरणारा तुकडा सुटून खाली पडला. नुसत्या तिसऱ्या. त्यानंतर, ती कोणी पुन्हा विकू नये म्हणून, आम्ही दोघांनी ती सगळी जीप कापली, दहाबारा दिवस, एक शब्द न बोलता. शेवटच्या दिवशी मीच बोलले. म्हणाले, मला माहीत आहे, आता कॉलेज बंद. नानांनी करवत खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग दिसला. "कोणी सांगं तुले, गाडी नही ते कॉलेज नही? तू इचारं का माले?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बस शे ना? बसनी जा. मी फाट्यावर उभा ऱ्हासू." आणि ते राहिले. तीन वर्षं, दर संध्याकाळी, हातात बॅटरी घेऊन. धुळ्याच्या स्थळाला त्यांनी आधीच, चैत्रातच, नकार कळवला होता. मायच्या आणि त्यांच्या कुजबुजीचा विषय तो नकारच होता.

जामसिंग पंधरा दिवसांनी कामावर परतला. बैल, पाणी, केळीचे घड, सगळं पूर्वीसारखं. माझ्याशी कामापुरतं बोले, "ताई" म्हणूनच. मी दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, दोन्ही वेळा त्याने "काय पाहिजे?" असं इतक्या साधेपणाने विचारलं की मला काहीच मागता आलं नाही. आखाजीला त्याचं साल संपलं. नाना म्हणाले, राहा. तो नाही म्हणाला. निघायच्या दिवशी त्याला न्यायला त्याची बायको आली होती. मी तिला तेव्हा पहिल्यांदा उभी पाहिली. माझ्याहून फार मोठी नव्हती. मायने तिला पुरणपोळी आणि आमरस वाढला, नवं लुगडं दिलं. निघताना खळ्याच्या तोंडाशी ती थांबली आणि माझ्याकडे बोट करून जामसिंगला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं, तीन-चार शब्दांचं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं आणि ती दोघं केळीमधल्या वाटेने निघून गेली.

पुढे मी शिक्षिका झाले. तळोद्याच्या शाळेत माझी उणीपुरी तीस वर्षं गेली. वर्गात निम्मी मुलं पावरा, घरी तीच बोली बोलणारी. जामसिंगचे ते शब्द मला अजून जसेच्या तसे म्हणता येतात, चढउतारासकट. कुठल्याही चौथीतल्या मुलीने मला त्यांचा अर्थ सांगितला असता. मी एकीलाही विचारलं नाही.